न उघडणारे

सोमवार, २

आजपासून चाचणी-यंत्रणा सुरू झाली. ऑफिसात तिची रीतसर नोंद आहेच. तिथे लिहिलं तर लोक "म्हणजे काय?" विचारतील असं जे असेल, ते इथे लिहीन.

काम असं आहे. आमच्या बातम्यांच्या साइटवर प्रत्येक बातमीला उपसंपादक दोन मथळे देतात. साइटवर आणि फोनच्या वरच्या पट्टीत निम्म्या वाचकांना एक दिसतो, निम्म्यांना दुसरा. जो पाहून जास्त लोक बातमी उघडतात, तो थोड्या वेळाने सगळ्यांना दिसू लागतो आणि दुसरा पुसला जातो. निवाडा वाचकच करतात. मी बघते, आणि कुठे शब्द इकडचा तिकडे करायचा ते सुचवते.

माझ्या पडद्यावर फक्त दोन मथळे आणि दोन रेघा दिसतात. बातमी नाही, फोटो नाही, गावाचं नावही नाही. हे मी मुद्दाम केलं. बातमी वाचली की माणूस तिच्या बाजूचा होतो आणि मोजमाप बिघडतं.

उपसंपादकांना सगळे कात्री म्हणतात, कारण त्यांच्याकडे गेलेला मजकूर निम्मा होऊन परत येतो. साठीला टेकलेत. यंत्रणा पाहून म्हणाले, "म्हणजे औषध द्यायचं, पण पेशंट बघायचा नाही." मी म्हटलं, पेशंट बघितला की डॉक्टर हळवा होतो. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मथळा पाहून बहुतेक लोक पुढे सरकतात. शंभरातले नव्वदहून जास्त. त्यांच्यासाठी फाइलमध्ये एक रकाना आहे: 'न उघडणारे', आणि त्यापुढे कंसात 'रस नाही'. आलेखातून त्यांना वगळलं. जे काही करतच नाहीत त्यांची रेघ काढून काय मिळणार?

संध्याकाळी ताईचा मेसेज. ती दुसऱ्या शहरात पाळणाघर चालवते, राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर. मुलं गेली की रोज मला भलं मोठं काहीतरी लिहिते. फोनच्या वरच्या पट्टीत पहिली ओळ दिसते, तेवढी मी वाचते. बाकीचं रविवारी एकदम. मेसेज उघडला की तिच्याकडे निळी खूण जाते आणि मग उत्तर द्यावं लागतं. आजची ओळ: 'दोघांना ताप आहे, पण फार नाही.' म्हणजे ठीक.

खुर्ची बदलून घेतली. नव्या खुर्चीतही बसवत नाही.


बुधवार, ४

यंत्रणा चालते आहे. चालते आहे म्हणजे मी उठूच शकत नाही. रेघ वर जाताना बघायला मिळते म्हणून मी पाणी प्यायला उठायचं टाळते, आणि रेघ वर गेली नाही की पाणी प्यायला उठते.

हाती आलेलं काही: प्रश्न विचारणारा मथळा वाटतो तितका चालत नाही, लोकांना प्रश्न स्वतःचे पुरेसे असतात. 'तुमचा', 'तुमच्या' हे चालतं. आकडा चालतो, पण गोल नको. सगळ्यांत चांगली चालतात ती शेवटची तीन टिंबं. अट एकच, टिंबांच्या आधी वाक्य नेमकं अशा ठिकाणी तुटलं पाहिजे की वाचणाऱ्याचा पाय हवेत राहील.

सगळं सांगून टाकणारा मथळा सपशेल पडतो. वाचक म्हणतो, कळलं, आणि जातो.

दात घासतानाही मी मथळे लावते. आज दूध उतू गेलं तेव्हा मनात आलं: 'गॅसवर दूध ठेवून ती फोनकडे वळली आणि...' पुसायला फडकं शोधत होते तेव्हाही टिंबं डोक्यात होती.

जेवायच्या सुट्टीत कात्रींनी त्यांच्या डब्यावर कागद चिकटवून ठेवला होता: 'झाकण उघडताच गणितबाईंना दिसलं असं काही...' मला ते गणितबाई म्हणतात. मी झाकण उघडलं. डबा रिकामा होता. ते म्हणाले, "बघ, चालली की नाही तुझी युक्ती?"


शुक्रवार, ६

आजवरची सर्वांत मोठी तफावत.

कात्रींनी दुपारी जोडी पाठवली. पहिला: 'पाळणाघरात गाद्यांमागे झोपलेली मुलगी अर्ध्या तासात सुखरूप सापडली.' दुसरा: 'पाळणाघरातून चार वर्षांची मुलगी गायब झाल्याने आईची धावाधाव.' पहिला नेहमीसारखा, सगळं सांगून मोकळा. दुसऱ्यात जीव होता, पण 'धावाधाव' म्हटल्यावर गोष्ट संपते. मी तो असा केला: 'पाळणाघरातून चार वर्षांची मुलगी गायब, आई धावत पोहोचली आणि...'

चढण अशी की दोनदा ताजा आकडा मागवला, मला वाटलं मोजण्यात काही चुकतंय. चुकत नव्हतं. पहिला मथळा जवळजवळ लगेच बाद झाला.

ताईला पाठवावासा वाटला. ती अशा गोष्टींना फार घाबरते; फाटकाची कडी लावून झाल्यावर पुन्हा हलवून बघते. पण पाठवला तर फोन करेल आणि तासभर बोलेल. राहू दिलं.

कात्री माझ्या मागे उभे राहून रेघ बघत होते. "पहिला खरा होता," एवढंच बोलले. मी म्हटलं, दोन्ही खरे आहेत. दुसरा पुरा नाही, एवढंच. ते चष्मा पुसत गेले. त्यांना त्यांचं 'धावाधाव' गेल्याचं वाईट वाटलं असावं.

ताईचा मेसेज आज भरदुपारी आला, चाचणी सुरू व्हायच्या जरा आधी. एरवी संध्याकाळी येतो. पट्टीतली ओळ: 'आज जरा गडबड झाली, पण आता सगळं ठीक आहे.' सगळं ठीक आहे, तर रविवारी बघू.


शनिवार, ७

संपादकबाईंनी कालचा आलेख मोठ्या पडद्यावर लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, याला म्हणतात काम. लोक टाळ्या वाजवत असताना हात कुठे ठेवायचे ते मला कधीच कळलेलं नाही. ते मी पाठीमागे नेले.

चांगलं वाटायला हवं होतं. सकाळपासून मात्र एका जागी बसवत नाही. जिना चढले, उतरले. टेबल खिडकीपासून हलवलं, पुन्हा खिडकीशी आणलं.

ताईचे फोन येऊन गेले, मी मीटिंगमध्ये होते. मग मेसेज: 'तुला वेळ मिळाला का बघायला?' गेल्या आठवड्यात तिने पडद्यांच्या कापडाचे फोटो पाठवलेत, कोणता रंग घ्यावा म्हणून. मुलांच्या खोलीला रंग कोणता याची इतकी घाई कशाला?


रविवार, ८

उघडला.

उभ्यानेच वाचला, मग बसले. ताई लिहिते तसाच लिहिला होता, मध्येच भाजी, मध्येच मुलं. सकाळची झोप झाली की गाद्या भिंतीला उभ्या लावतात, त्यांच्यामागे थोडी फट राहते. एक मुलगी त्या फटीत शिरून झोपली. ताई तिला गोगलगाय म्हणते, कारण सापडेल त्या जागेत शिरून ती अंगाची गुंडाळी करते. हाका मारून झाल्या, मदतनीस बाई रस्त्यावर बघायला पळाली, तिच्या आईला फोन केला. आई आली आणि दारात उभी राहून रडायला लागणार तोच गोगलगाय आपणहून बाहेर आली आणि म्हणाली, पाणी पाहिजे.

मग:

'शेजारच्यांनी कोणाला तरी कळवलं असेल, तुमचा इथला बातमीदार आला. म्हणाला मी तुमच्या बहिणीच्याच ऑफिसचा. मग काय, मी त्याला आत बसवलं, चहा दिला, सगळं खरं खरं सांगितलं. फोटोही काढू दिला. तू एकदा बघून घेशील ना, नीट येतंय का ते?'

त्यानंतर मी ती बातमी पहिल्यांदा उघडली. नीट लिहिली आहे. एक शब्द चुकीचा नाही. मुलीने पाणी मागितलं तेसुद्धा आहे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. वर फोटो आहे: हिरवं फाटक आणि त्यावर मोठी मधमाशी. मधमाशी ताईने काढली होती, पंख मी रंगवले होते. डावा जरा मोठा झालाय.

आणि फोटोवर माझी टिंबं.

ताईला फोन केला. तिने रागावायला हवं होतं. ती मुलांच्या घरांबद्दल सांगत राहिली. कोणी म्हणालं मुलगा आता आजीकडे राहील, कोणी नुसतंच 'सोमवारपासून नको' असं लिहिलं, कोणी फोन उचलत नाही. उरलेत ते एका हाताच्या बोटांवर. खालचा मजला दुरुस्त करायला तिने तीन वर्षं घातली आहेत. मग मध्येच तिने विचारलं.

"उघडला नव्हतास ना?"

मी म्हटलं, मी रविवारी उघडते.

"हो गं, माहितीय मला. म्हणून तर फोन केला होता."


सोमवार, ९

ऑफिसात पोहोचल्याबरोबर मथळा बदलला. पहिला, बाद झालेला, परत लावला. मग संपादकबाईंना मेल पाठवली. विषय: 'पाळणाघराच्या बातमीचा मथळा बदलला आहे, कारण तो वाचकांना फसवत होता.' आत काही लिहिलं नाही.

त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. मेल उघडलीच नाही म्हणाल्या, विषयातच सगळं आहे. मग शांतपणे विचारलं, बातमीत चुकीचा शब्द कुठे आहे ते दाखव. नाही, मी म्हटलं. मथळ्यात? तिथेही नाही. पुढचे शब्द नाहीत, एवढंच.

"एवढंच ना," त्या म्हणाल्या. "हे शुक्रवारी तुला खटकलं नाही. आज खटकतंय, कारण पाळणाघर तुझ्या बहिणीचं आहे."

मी दुसऱ्या कुठल्या पाळणाघरासाठी मथळा बदलला असता का, हे मी स्वतःला बसमध्ये विचारलं. बातमी दिसलीच नसती, तर विचारायचा प्रश्नच आला नसता. मीच तशी सोय करून ठेवली होती.

त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, खुलासा लावा. कात्रींनी मन लावून लिहिला: 'ती मुलगी सुखरूप, पाळणाघराची चूक नव्हती.' दुपारभर रेघ जमिनीला चिकटून होती. बातमी ज्यांनी उघडली होती त्यांना हे आधीच ठाऊक आहे. उघडली नव्हती त्यांनी हेही उघडलं नाही.

तेव्हा मला तो रकाना आठवला. वगळलेला आकडा परत आलेखात घातला. नवी रेघ पडद्याच्या वरून निघून गेली. माप लहान केलं तेव्हा कुठे दिसली, आणि मग मी ज्यांच्यासाठी टाळ्या घेतल्या ती उघडणाऱ्यांची रेघ तळाशी केसाएवढी उरली. त्या सगळ्यांनी मथळा वाचला आहे. तेवढाच वाचला आहे. 'मुलगी गायब' एवढं घेऊन ते आपापल्या कामाला लागले, आणि माझ्याकडे ती माणसं 'रस नाही' म्हणून लिहिलेली आहेत.

कात्रींना दाखवलं. म्हणाले, "रजा टाक आणि जा बहिणीकडे. इथून काय मोजणार आहेस?"


मंगळवार, १०

ताईकडे. मी इथे दीड वर्षाने आले. खालची खोली तिने किती बदलली आहे! गुडघ्याच्या उंचीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक चित्र: छत्री, मासा, किल्ली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपली पिशवी ओळखता यावी म्हणून. मुलं एकमेकांनाही चित्राच्याच नावाने हाक मारतात. आज बहुतेक खुंट्या रिकाम्या होत्या. एक मुलगा छत्रीच्या खुंटीकडे बघून विचारत होता, "छत्री कुठे गेली?" ताई म्हणाली, येईल उद्या.

मदतनीस बाई माझ्याशी बोलत नाही. मी कुठे काम करते ते तिला ठाऊक आहे. माझ्यापुढे पाण्याचा पेला मात्र ठेवला.

संध्याकाळी ताईने विचारलं, हे असं दोन मथळ्यांचं करतात कसं. मी सांगितलं, सगळं, टिंबं माझी आहेत हेही. ती मुलांच्या वाट्या पुसत ऐकत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "आणि मी सगळ्यांना सांगत असते, माझी बहीण पेपरात आहे." मग त्याच सुरात, "जेवलीस का तू नीट? गाल बसलेत."

ती काही टाकून बोलली असती तर बरं झालं असतं.


बुधवार, ११

ताई ज्यांनी मुलं पाठवायची बंद केली त्यांच्या घरी जायला निघाली. मीही गेले. वाचकांच्या घरात मी कधी बसले नव्हते.

पहिल्या घरी आजोबा होते. त्यांनी मथळा तोंडपाठ म्हणून दाखवला, माझ्या शब्दांत, माझ्या क्रमाने. 'आई धावत पोहोचली आणि' इथे ते थांबले. टिंबं थांबून म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मग पुढचं त्यांनी आपणच सांगितलं: मुलगी नाल्याच्या पुलावर सापडली. ताई म्हणाली, काका, ती खोलीतच होती. ते समजुतीने म्हणाले, "तुम्ही असंच म्हणणार, बाई. तुमचं चुकलं असं कोण म्हणतंय? पुलावर काय, कोणीही जाईल."

दुसऱ्या घरी एक शिक्षिका. तिच्या मते मुलांना झोपवण्यासाठी काहीतरी पाजलं होतं. कुठे वाचलं? "त्यातच होतं." मी फोन काढून पूर्ण बातमी तिच्यापुढे धरली. तिने वाचली, दोनदा, आणि म्हणाली, "आता काढून टाकलंय वाटतं."

आणखी एका घरी मुलगी दवाखान्यात पोहोचली होती. दुसरीकडे दाराची कडी तुटलेली होती. ती कडी, जी ताई हलवून बघते.

ज्याला जी भीती, ती त्याने टिंबांच्या जागी भरली. जागा मी ठेवली होती.

रस्त्यात मला ताईबरोबर नीट चालता येत नव्हतं. एकदा तिच्या पुढे जात होते, एकदा मागे राहत होते. ती शेवटी म्हणाली, अगं, एका चालीने चाल ना.

एक गोष्ट मात्र सगळीकडे ऐकली, जवळजवळ त्याच शब्दांत: ज्यांची मुलगी होती ते पाठवतात का? ते पाठवत असतील तर आम्हीही बघू.

ते पाठवत नाहीत. गोगलगाय शुक्रवारपासून घरी आहे.


गुरुवार, १२

गोगलगायीचं घर दुमजली चाळवजा इमारतीत, जिन्याच्या तोंडाशी. आई घरी शिवणकाम करते. मशीनवर अर्धा शिवलेला गणवेश तसाच होता; मुलगी पायाशी, मशीनच्या खाली, गुंडाळी करून बसली होती. आई ताईला बघून उठली आणि तिने ताईचा हात धरला. ती तिथे होती, तिने पाहिलं आहे; तिची काही तक्रार नाही. "माझं काम बुडतंय, बाई. पण ह्यांना विचारा."

'हे' रस्त्याच्या कामावर रोलर चालवतात. मोठा, शांत माणूस. आज लवकर आला होता. ताईने दारातच सांगून टाकलं, ही माझी बहीण, त्या ऑफिसातली. मला वाटलं तो उठून जाईल. त्याने माझ्याकडे खुर्ची सरकवली.

त्याने जे सांगितलं ते जसं आठवतंय तसं लिहिते.

कामावर फोन डब्याच्या पिशवीत असतो. शुक्रवारी जेवायला उशीर झाला. डबा उघडला, फोन हातात घेतला, तर वर पट्टी: हिरवं फाटक, मधमाशी, मुलगी गायब. चार वर्षांची.

"मला ठाऊक आहे ती गाद्यांमागेच होती," तो म्हणाला. "बायको खोटं कशाला सांगेल? बाईंवर माझा राग नाही. पण मी ते आधी वाचलं ना."

मी विचारलं, बातमी उघडल्यावर तरी कळलं असेल. प्रश्न तोंडातून गेल्यावर लक्षात आलं की मी अजून मोजतेच आहे.

"उघडली नाही."

"का?"

"पुढे काय असेल ते बघायची छाती झाली नाही."

बायकोचे फोन येत होते, तेही त्याने उचलले नाहीत, त्याच कारणाने. रोलर रस्त्यात तसाच टाकून खडीच्या ट्रकमधून आला. सगळी वाट फोन मुठीत उलटा धरून होता. जिन्यापाशी पोहोचला तेव्हा मुलगी घरी जेवत होती. ते बघून तो जिन्यावरच मटकन बसला. आता तिला कुणाच्या दारात सोडायचं म्हटलं की ती पट्टी दिसते.

मशीनखालून गोगलगाय म्हणाली, "बाबा पडले होते."

मला रकाना दिसत होता. न उघडणारे, कंसात, रस नाही.

तो म्हणाला, "दोन असतात म्हणे तुमचे. दुसरा काय होता?" ताईने हे त्याच्या बायकोला फोनवर सांगितलं असणार.

मी सांगितला. "पाळणाघरात गाद्यांमागे झोपलेली मुलगी अर्ध्या तासात सुखरूप सापडली."

"परत म्हणा."

परत म्हटला. तो ओठ हलवत होता माझ्याबरोबर.

"हासुद्धा मी उघडला नसता," तो म्हणाला. "पण डबा खाल्ला असता."

ताई उठली. पाठवा असं ती म्हणालीच नाही. तेवढंच विचारायला तर आलो होतो. जिना उतरताना मी म्हटलं, तू विचारलं का नाहीस? ती म्हणाली, तुला दिसत नव्हतं का त्याचं तोंड? दिसत होतं. मी बघत होते.


शुक्रवार, १३

सकाळी मुलं येण्याच्या वेळेला मी फाटकाच्या आत उभी होते. ताई म्हणाली, आत ये, तिथे उभी राहून काय उगवणार आहे? आत आले. पुन्हा गेले. मदतनीस बाई पहिल्यांदा माझ्याशी बोलली: "बसा की जरा, लादी झिजेल."

आला. गोगलगाय खांद्यावर. फाटकापाशी थांबून त्याने मधमाशीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. ताईला म्हणाला, "ती जागा दाखवा."

गाद्या भिंतीशी उभ्या होत्या. ताईने त्या हलवायला हात घातला तर म्हणाला, नको, असू द्या तशाच. आणि तो भलामोठा माणूस गुडघ्यांवर बसून त्या फटीत शिरायला लागला. डोकं गेलं, एक खांदा गेला, पुढे काही जाईना. मुलं हसायला लागली. गोगलगाय वैतागून म्हणाली, "असं नाही, बाबा. कडेनं." तिने दाखवलं. ती गाद्यांमागे गेली आणि दिसेनाशी झाली.

तो तसाच अर्धा आत होता. म्हणाला, हाक मारा. ताईने हाक मारली. "मोठ्याने." ताईने मोठ्याने मारली, मदतनीस बाईने मारली. मग मीही मारली; मला तिचं खरं नाव कालच कळलं होतं. गाद्यांमागून काही उत्तर नाही.

तो बाहेर आला. केसांना कापूस लागला होता. "आत काही ऐकूच येत नाही," तो म्हणाला, बहुतेक स्वतःशी. "मऊ आहे नुसतं."

तो दारापर्यंत गेला, परत आला, किल्लीच्या चित्राच्या खुंटीला मुलीची पिशवी अडकवली. पुन्हा दारापर्यंत गेला. ताई कडीपाशी उभी होती. त्याने स्वतःच कडी लावली आणि बाहेरून हलवून बघितली.

थोड्या वेळाने छत्री आली. तिचे आजोबा फाटकावरूनच बघून गेले, पुलाबद्दल काही बोलले नाहीत. बाकीच्या खुंट्या आज रिकाम्याच. शिक्षिका येणार नाही, असं ताईला वाटतं.


बुधवार, १८

कामावर परत येऊन दोन दिवस झाले. यंत्रणेत एक बदल केला: दोन मथळ्यांच्या वर आता पूर्ण बातमी येते, फोटोसकट. खालपर्यंत गेल्याशिवाय चाचणी सुरू करायचं बटण दिसत नाही. शिवाय न उघडणारे आलेखात आहेत, आणि त्यांच्यापुढचा कंस काढला. तिथे काय लिहायचं ते ठरलेलं नाही; 'ठाऊक नाही' असं सध्या लिहिलं आहे.

दिवसात निम्म्याच चाचण्या होतात. आकडे उतरले आहेत. संपादकबाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत बघते, मग तू आणि तुझी यंत्रणा दोघींचं ठरवू. कात्री खूश आहेत असं म्हणता येणार नाही. त्यांना आता प्रत्येक बातमीला तिसरा मथळा लिहावा लागतो, न उघडता पुरेल असा. पण कुरकुरत लिहितात. आज एक लिहून माझ्याकडे न बघता म्हणाले, "घे. हा कोणी उघडणार नाही, बघ."

खिडकीतून वारा येतो म्हणून टेबल हलवलं. मग तिथेच राहू दिलं.

संध्याकाळी ताईचा मेसेज. पट्टीतली ओळ: 'आज काही विशेष नाही.'

उघडला. मोठा होता. रोलरवाल्याने रविवारी येऊन गाद्यांसाठी भिंतीला लाकडी चौकट ठोकून दिली, आता मागे फट राहत नाही. गोगलगाय त्यावर रुसली, म्हणून ताईने तिला खोक्याचं घर करून दिलं, त्याला मोठी खिडकी आहे. मासा परत आला. शिक्षिकेने मुलाला दुसरीकडे घातलं. एवढ्यावर भागेल की नाही ते पुढच्या महिन्यात कळेल. पडदे पिवळे घेतले, मी काही कळवलंच नाही म्हणून. भाजी महाग. माझे गाल कसे आहेत.

शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा वरून. निळी खूण गेली असेल. उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत काय लिहावं ते सुचेना, म्हणून दुसरीपासून सुरुवात केली.